केसाएवढे अंतर : दुर्बिणीच्या फोकसरविषयी

कोराडीच्या जगदंबेच्या दर्शनाला आपण कधी आला असाल, तर देवळाआधी आपल्या नजरेत भरल्या असतील त्या वीजकेंद्राच्या उंच चिमण्या. रात्री त्यांच्या अंगावर तांबडे दिवे लागतात आणि केंद्राचा उजेड तळ्याच्या पाण्यावर पसरतो. अशा गावात राहून मी आकाशाचे फोटो काढतो असे सांगितले, की लोक हसतात. "इथं कुठून चांदणी दिसते, भाऊ?" असे विचारतात. खरे सांगावयाचे तर मीही बरीच वर्षे माझ्या प्रत्येक बिघडलेल्या फोटोचा दोष त्या चिमण्यांवरच टाकीत असे. धूर आहे, राख आहे, उजेड आहे. मग फोटो अस्पष्ट येणारच, अशी मनाची समजूत घालून मोकळा होई.

ती समजूत मोडली २०२४ च्या ऑक्टोबरात. त्या वेळी एक धूमकेतू संध्याकाळच्या आकाशात आला होता. चीनमधील पर्पल माउंटन वेधशाळा आणि दक्षिण आफ्रिकेतील अ‍ॅटलास दुर्बीण या दोघींनी तो २०२३ च्या आरंभी स्वतंत्रपणे टिपला, म्हणून त्याचे नाव त्सुचिनशान-अ‍ॅटलास पडले. १२ ऑक्टोबरला, म्हणजे नेमक्या दसऱ्याच्या दिवशी, तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ होता. हा पाहुणा पुन्हा आलाच तर हजारो वर्षांनी येईल. कदाचित कधीच येणार नाही. दसरा होऊन दोन दिवस झाले होते, कोजागिरी तोंडावर होती. मी माझी सहा इंची दुर्बीण गच्चीवर मांडली आणि शाळेची आठ-दहा मुले बोलावली. पश्चिमेला शुक्र ठळक दिसत होता. कॅमेरा दुर्बिणीला लावला, शुक्रावर तो स्पष्ट करून घेतला, मग दुर्बीण धूमकेतूकडे वळविली आणि लागोपाठ चाळीस फोटो काढले. तेवढ्यात तो खाली धुरकटात बुडाला.

घरात येऊन फोटो मोठे करून पाहिले, तर एकही धड नाही! प्रत्येक तारा म्हणजे एक फुगलेली टिकली, आणि धूमकेतू? सातवीतली एक मुलगी पडद्याकडे पाहून म्हणाली, "सर, हे तं फुटलेलं बोंड दिसते." सगळी पोरे हसली, मीही हसलो, पण रात्री मला झोप लागली नाही. धूमकेतू गेला होता, आणि चूक धुराची नव्हती. धुराने चित्र मंद होते, फिके होते. ताऱ्याची टिकली होत नाही. टिकली होते ती फोकस सुटला म्हणजे. शुक्रावर नीट लावलेला फोकस दुर्बीण वळविताना कुठे तरी सुटला होता.

तो का सुटला आणि पुढे मी काय केले, हे आज आपल्याला सांगावयाचे आहे. शाळेच्या कपाटात पडून असलेल्या कित्येक दुर्बिणींचे दुखणे हेच असते, म्हणून शिक्षकबंधुभगिनींनी हे जरूर वाचावे.

आधी फोकसर म्हणजे काय ते पाहू. आरशाच्या दुर्बिणीत तळाशी एक खोलगट आरसा असतो. ताऱ्याचा प्रकाश नळकांड्यात शिरतो, आरशावरून परततो आणि निमुळता होत एका बिंदूशी गोळा होतो. तिफणीचे चाडे आपण पाहिलेच आहे. वर रुंद, खाली निमुळते. प्रकाशाचा आकार तसाच होतो. वाटेत एक लहान तिरपा आरसा हे चाडे बाजूला वळवतो आणि नळकांड्याच्या कुशीतल्या भोकातून बाहेर काढतो. त्या भोकावर जी पुढे-मागे सरकणारी नळी बसविलेली असते, तोच फोकसर. तिच्यात डोळ्याने पाहावयाचे भिंग, म्हणजे नेत्रिका, बसते किंवा कॅमेरा बसतो. चाड्याचे टोक जेथे येते तेथेच कॅमेऱ्याची पाटी आली पाहिजे, थोडी पुढेही नको, मागेही नको. ज्यांनी काट्याचा जुना रेडिओ वापरला आहे त्यांना हे लगेच समजेल. काटा स्टेशनवर आला तर गाणे, नाही तर खरखर.

आता कोणी विचारील, थोडे मागे-पुढे झाले तर एवढे काय बिघडते? डोळ्याचे फारसे बिघडत नाही. आपल्या डोळ्यातले भिंग जिवंत आहे. ते स्वतःला आवळून-सैल करून थोडीबहुत चूक सांभाळून घेते. कॅमेरा काही सांभाळीत नाही. माझ्या दुर्बिणीचा आरसा १५० मिलिमीटर रुंद, आणि प्रकाश गोळा होतो तो ७५० मिलिमीटरवर. म्हणजे चाड्याची लांबी रुंदीच्या पाचपट. तेव्हा पाटी टोकापासून १ मिलिमीटर हलली, तर ताऱ्याचा ठिपका मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा पसरतो. कॅमेऱ्याच्या पाटीवरचा एक कण साधारण ४ मायक्रॉनचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हिशेब करा : जो तारा एक-दोन कणांवर मावावयाचा, तो पन्नास कणांच्या रुंदीवर पसरला.

मग किती चूक चालेल? प्रकाशाच्या लहरींच्या स्वभावामुळे अगदी अचूक आरशातूनही तारा बिंदूएवढा दिसत नाही; माझ्या दुर्बिणीत त्याची टिकली सुमारे ७ मायक्रॉनची होते. चुकीमुळे होणारा पसारा या टिकलीच्या आत राहिला तर नुकसान नाही. हिशेबाने हे अंतर सगळे मिळून सुमारे ६७ मायक्रॉन भरते, म्हणजे आपल्या डोक्याच्या एका केसाच्या जाडीएवढे! आरसा आणखी उथळ असला, लांबी रुंदीच्या आठपट असली, तर सवलत वाढून सुमारे १७० मायक्रॉन होते. म्हणून लांबट दुर्बिणी नवशिक्याशी गोडीने वागतात आणि आखूड दुर्बिणी फार चिडखोर असतात.

माझ्या दुर्बिणीचा मूळ फोकसर दात्यांचा होता. नळीच्या पाठीवर दात्यांची पट्टी, तिला लागलेले दात्यांचे लहान चाक, आणि त्या चाकाच्या आसाला दोन्ही बाजूंनी पिळावयाच्या चक्र्या. चक्री एक पूर्ण फेरा फिरली की नळी सुमारे २० मिलिमीटर सरके. त्या २० मिलिमीटरांतून मला एक केस निवडावयाचा. म्हणजे फेऱ्याचा तीनशेवा भाग. घड्याळाचा मिनिटकाटा १२ सेकंदांत जेवढा सरकतो, तेवढीच चक्री पिळावयाची. थंडीत, अंधारात, हाताला घाम नाही तर कापरे. कसे साधावे?

त्यात आणखी दोन खोडी. पहिली, दात्यांमधली ढिलाई. जुन्या ट्रॅक्टरचे स्टिअरिंग जसे थोडे फिरवले तरी चाक हलत नाही आणि मग एकदम वळते, तसेच येथे होते. फोकस थोडा पुढे गेला म्हणून चक्री उलट फिरवावी, तर पहिले फिरवणे फुकट जाते आणि मग नळी उडी मारते. दुसरी खोड अधिक वाईट. नळी आणि तिचे घर यांच्यात फट असते, ती भरावयास कारखान्यात चिकट ग्रीस लिंपतात. नेत्रिकेचे वजन असते दहा-पंधरा तोळे. कॅमेरा जोडला की किलोभर वजन टोकाला लोंबकळते. मग नळी आपल्या घरात तिरपी होते. समजा फट आहे ०.३ मिलिमीटर आणि नळीचा आधार ४० मिलिमीटर लांब. तेवढ्या तिरपेपणाने २२ मिलिमीटर रुंद पाटीच्या दोन कडांत ०.१६५ मिलिमीटरचा, म्हणजे दोन केसांहून अधिक फरक पडतो. चित्राची डावी कड स्पष्ट असेल तर उजवी अस्पष्ट, आणि दुर्बीण दुसरीकडे वळविली की वजन दुसऱ्या बाजूला पडून सगळाच हिशेब बदलतो. धूमकेतूच्या संध्याकाळी हेच झाले.

हे मी अनुमानाने सांगत नाही, करून पाहिले आहे. आणि मला मदत केली ती त्या बदनाम चिमण्यांनीच. दुर्बीण एका चिमणीच्या तांबड्या दिव्यावर रोखली, कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो दिवा दहापट मोठा केला आणि कॅमेऱ्याला एका बोटाने हलकेच दाबले. दिवा पडद्यावरून पार निघून गेला! बोट काढले, परत आला; पण मूळ जागी नाही. आपल्या गावात चिमणी नसेल तर मोबाइलचा मनोरा चालेल. मात्र अशा दिव्यावर फोकस लावून तोच ताऱ्यांना वापरू नये. दीड किलोमीटरवरच्या दिव्याचे चित्र ताऱ्याच्या चित्रापेक्षा माझ्या दुर्बिणीत ०.३७५ मिलिमीटर बाहेर पडते, म्हणजे पाच-साडेपाच केस. दिवा हलण्याची परीक्षा करावी आणि फोकस ताऱ्यावरच लावावा.

रोग कळला, आता औषध. आणि औषधाची सुरुवात बाजारातून करू नका. पैसा नसलेल्या शाळेने आधी ही फुकटाची कामे करावीत.

फोकसर उघडून जुने ग्रीस रॉकेल किंवा टर्पेंटाइनने पुसून काढा. आमच्या कोराडीत तर याची फार गरज. हवेतली बारीक राख ग्रीसमध्ये बसते आणि मग ते ग्रीस राहत नाही, काचकागद होतो. प्रत्येक फेऱ्याला दाते झिजवतो. पुसल्यावर नवे ग्रीस बोटाने अगदी पुसटसे लावा. नळीच्या घरावर पट्टीच्या बाजूला दोन किंवा चार बारीक स्क्रू असतात. ते थोडे-थोडे, आळीपाळीने आवळले म्हणजे दात्यांची ढिलाई पुष्कळ कमी होते. फार आवळले तर चक्री अडते, तेव्हा अर्ध्या आट्याने मागे या. नळीभोवतीची फट भरावयास नळकाम करणारे जी पांढरी टेफलॉनची पट्टी वापरतात तिचे एक-दोन वेढे काही ठिकाणी चालतात. ती लवकर फाटते, एवढे लक्षात असू द्या.

आणि सर्वांत नामी युक्ती कपडे वाळत घालण्याच्या चिमट्याची. लाकडी चिमटा चक्रीला चावू द्यावा, दांडी बाहेर राहील असा. चक्रीची त्रिज्या दीड सेंटिमीटर. केसाएवढा फोकस बदलावयास तिच्या कडेवर बोट जेमतेम ०.३ मिलिमीटर हलले पाहिजे, आणि ते कोणाला जमत नाही. चिमट्याचे टोक आसापासून आठ सेंटिमीटरवर आले, की तेच हलणे पावणेदोन मिलिमीटरचे होते, आणि ते कोणालाही जमते. तरफेचा नियम आपण सहावी-सातवीत शिकवतोच. तो येथे आकाशाच्या कामी येतो. ज्या शाळेत दुर्बीण केवळ डोळ्याने पाहण्यासाठी आहे, तिला स्वच्छ केलेला जुना फोकसर आणि हा चिमटा पुरे. नवा घेण्याची काही गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे हौशी मंडळींनी दुर्बिणी हाताने घडविण्याची परंपरा चांगली आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून लोकांना आकाश दाखवीत आली आहे. पुण्याच्याच आयुका संस्थेच्या कार्यशाळांतून शिक्षक-विद्यार्थ्यांनी स्वतः आरसे घासून दुर्बिणी केल्या आहेत. पण आपला माणूस असा, की आरसा घासण्यात दिवसचे दिवस घालवील, आणि फोकसरच्या जागी मात्र नळाच्या पाइपाचा तुकडा खुपसून मोकळा होईल. डोळ्याला ते चालून जाते. कॅमेरा लावला की उघडे पडते.

कॅमेऱ्यासाठी मी शेवटी फोकसर बदलला, आणि घेतला तो क्रेफर्ड पद्धतीचा. इंग्लंडात क्रेफर्ड नावाच्या ठिकाणी हौशी खगोलप्रेमींचे एक मंडळ होते. त्याचे सभासद जॉन वॉल यांनी १९७० च्या आसपास ही रचना शोधून काढली आणि तिचे पेटंट न घेता ती सर्वांना मोकळी ठेवली. तिच्यात दाते नाहीतच. नळीला एका बाजूने चार लहान बेअरिंगा दोन-दोनच्या जोडीने कोनात टेकलेल्या असतात. समोरच्या बाजूने एक गुळगुळीत पोलादी दांडी नळीला त्या बेअरिंगांवर दाबून धरते. दांडी फिरली की केवळ घर्षणाने नळी सरकते. दाते नाहीत म्हणून ढिलाई नाही. नळी नेहमी बेअरिंगांवर दाबलेली म्हणून डोलणे नाही. ग्रीस नाही म्हणून राखेला बसावयास जागा नाही. शिवाय मी घेतलेल्याला एका बाजूला दुहेरी चक्री आहे. बाहेरची लहान चक्री दहा वेळा फिरवावी तेव्हा आतली मोठी एकदा फिरते. म्हणजे एक केस सरकवावयास घड्याळाच्या काट्याच्या १२ सेकंदांऐवजी पूर्ण दोन मिनिटांएवढे फिरवावयास मिळते. किंमत मुद्दाम सांगत नाही. ती सारखी बदलते.

घेण्यापूर्वी एक मोजमाप अवश्य करा, नाही तर पैसे फुकट जातील. डोळ्यासाठी केलेल्या दुर्बिणीत चाड्याचे टोक नळीच्या फार बाहेर येत नाही. कॅमेऱ्याची पाटी मात्र त्याच्या पोटात खोल असते. जोडकडी धरून बहुतेक डीएसएलआर कॅमेऱ्यांना ५५ मिलिमीटर जागा लागते. माझ्या दुर्बिणीत पहिल्याप्रथम कॅमेरा लावला तेव्हा काही केल्या फोकस मिळेना, त्याचे कारण हेच. ते मोजण्याची सोपी रीत अशी : नेत्रिका काढा, नळी पूर्ण आत घ्या आणि दुर्बीण चंद्रावर रोखा. नळीच्या तोंडावर बटर पेपर धरून तो हळूहळू वर उचला. एका उंचीवर चंद्राचे लहानसे, रेखीव चित्र कागदावर उमटेल; माझ्या दुर्बिणीत ते सुमारे ७ मिलिमीटरचे येते. नळीच्या तोंडापासून ती उंची पट्टीने मोजा. मुलांना हा खेळ फार आवडतो. मात्र सूर्यावर हा प्रयोग चुकूनही करू नये. कागद पेटेल, आणि कोणी डोळा लावला तर डोळा जाईल.

माझी उंची भरली ३० मिलिमीटर, म्हणजे २५ कमी. तेव्हा मी मुख्य आरसा लांब स्क्रूंवर चढवून ३० मिलिमीटर पुढे आणला होता. काम झाले, पण लांब स्क्रूंवर आरसा डुगडुगू लागला आणि दर वेळी दुर्बीण सरळ लावावी लागे. नवा फोकसर बुटका निवडला, जुन्याहून ३५ मिलिमीटर कमी उंचीचा. मग ३० आणि ३५ मिळून ६५ झाले, कॅमेऱ्याला ५५ दिले तरी १० हातात राहिले, आणि आरसा आपल्या जुन्या जागी परत गेला.

बसविण्याचे काम अवघड नाही, पण घाई नको. दोन्ही आरसे आधी काढून स्वच्छ सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवा. ड्रिलची एक कीस आरशावर पडून कोणी पुसावयास गेला, की ओरखडा कायमचा. नव्या बैठकीचा पुठ्ठ्याचा साचा काढून नळकांड्यावर चिकटवा, छिद्रांच्या खुणा पंचाने ठोका, आणि नळकांडे तोंड खाली करून ड्रिल चालवा. जुने भोक मला दोन मिलिमीटर वाढवावे लागले, तेवढे अर्धगोल कानशीने झाले. आत येणारी स्क्रूंची टोके आणि कानसलेली कड यांना फळ्याचा काळा रंग लावला. चकाकी राहिली तर फोटोत भुताटकी उजेड येतो. शेवटी बैठक काटकोनात आहे का ते पाहिले. एका बाजूने ती किंचित उतरती निघाली, तेव्हा थंड पेयाच्या डब्याचा पातळ पत्रा कापून त्या स्क्रूखाली दोन घड्या सारल्या.

आता माझा गाढवपणाही सांगतो. सगळे बसवून झाले आणि सवयीने मी दांडीला शिलाई मशीनचे दोन थेंब तेल सोडले. यंत्राला तेल घालावे, हा संस्कार! रात्री दुर्बीण डोक्यावर रोखली तर चक्री फिरते आहे, नळी जागची हलत नाही. आणि थोड्या वेळाने कॅमेऱ्याच्या वजनाने ती आपली आपणच खाली सरकू लागली. घर्षणावर चालणाऱ्या यंत्राचे घर्षणच मी काढून घेतले होते. दुसऱ्या दिवशी सगळे उलगडून दांडी आणि नळीचा सपाट पट्टा स्पिरिटने पुसला, तेव्हा कुठे ते रुळावर आले. तेव्हा लक्षात ठेवा, क्रेफर्डच्या दांडीला तेल नाही. दाबाचा एक स्क्रू खाली असतो, तो कॅमेऱ्याच्या वजनाप्रमाणे आवळावा. आणि फोकस लागल्यावर दुसरा, अडकविण्याचा स्क्रू हलक्या हाताने लावावा.

फोकसर कितीही चांगला असला तरी फोकस लागला हे ओळखावे कसे? नुसत्या नजरेवर विसंबू नये. क्रिस्टोफ शायनर या जेसुइट पंडिताने १६१९ साली दोन भोकांची युक्ती सांगितली, ती आजही उत्तम चालते. दुर्बिणीच्या तोंडावर बसेल असे पुठ्ठ्याचे झाकण करा, त्यात समोरासमोर दोन रुपयाएवढी भोके पाडा. फोकस सुटलेला असेल तर एका ताऱ्याचे दोन तारे दिसतात. फोकस जुळत आला की ते जवळ येतात आणि नेमक्या जागी एक होतात. हा प्रयोग वर्गातही होतो. एक साधे भिंग, त्यावर दोन भोकांचा कागद, दूर लावलेला एक दिवा आणि मागे पांढरा कागद. कागद पुढे-मागे केला की दोन ठिपके एक होतात, पुन्हा फुटतात. प्रकाशकिरण एकत्र येतात म्हणजे काय, हे फळ्यावर दहा आकृत्या काढून जे कळत नाही, ते येथे कळते. याचीच सुधारलेली आवृत्ती रशियातील हौशी खगोलप्रेमी पावेल बाख्तिनोव्ह यांनी २००५ साली केली. तिच्यात भोकांऐवजी तीन दिशांना कापलेल्या चिरा असतात. ताऱ्याला तीन किरणे फुटतात आणि मधले किरण बरोबर मध्यावर आले की फोकस लागला. जाड काळ्या पुठ्ठ्यातून धारदार पात्याने ती कापता येते. मी माझी एका सुट्टीच्या दुपारी कापली. दोन पट्ट्या तुटल्या, तरी चालते.

आणखी एक गोष्ट मला पेंचला जाईपर्यंत नीट कळली नव्हती. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये अंधाऱ्या आकाशाचे उद्यान म्हणून मान्यता मिळाली. भारतात असे हे पहिलेच. आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे खाली उजेड टाकणारे करण्यात आले. आमच्या कोराडीपासून ते दूर नाही. पुढच्या जानेवारीत सिल्लारीकडच्या एका ओळखीच्या शेतावर आम्ही दुर्बीण नेली. संध्याकाळी मृगातल्या तेजोमेघावर फोकस लावला. तो सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर असलेला वायूचा ढग. तिथे नवे तारे जन्मतात. पहिले फोटो सुईच्या टोकासारखे आले. मी खूश होऊन शेकोटीकडे गेलो. मध्यरात्रीचे फोटो पाहतो, तर तारे पुन्हा थोडे फुगलेले!

स्क्रू घट्ट होता, नळी हलली नव्हती. हलले होते नळकांडे. त्या रात्री हवा संध्याकाळपासून बारा अंशांनी गार झाली होती. माझे नळकांडे पोलादी पत्र्याचे. आरशापासून फोकसरपर्यंतचे अंतर ६०० मिलिमीटर. पोलाद दर अंशाला आपल्या लांबीच्या दहा लाखांत बारा भाग आकसते, म्हणजे बारा अंशांना ८६ मायक्रॉन. आपली सवलत होती ६७ ची. बैलगाडीच्या चाकाला तापवलेली धाव बसवतात आणि ती गार होताना आवळते, तेच हे. अ‍ॅल्युमिनियमचे नळकांडे असते तर जवळजवळ दुप्पट आकसले असते. तेव्हा पहिल्या रात्री तास-तासाने, आणि हवा झपाट्याने गार होत असेल तर अर्ध्या तासाने, झाकण लावून फोकस तपासावा. नळकांडे आखडले म्हणजे चाड्याचे टोक बाहेर सरकते, म्हणून नळीही बाहेरच काढावी लागते. उलटसुलट चाचपडत बसावे लागत नाही.

जुने लोक याला किती जपत असतील याचा मी पुष्कळदा विचार करतो. १८९८ च्या २२ जानेवारीला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला खग्रास सूर्यग्रहण टिपण्यासाठी पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी नायगमवाला यांनी तळ दिला होता. अमेरिकेच्या लिक वेधशाळेची मंडळीही तेथेच होती. खग्रास स्थिती अवघी दोन मिनिटांची. कॅमेऱ्याला पडदा नाही, चित्र लगेच पाहण्याची सोय नाही. काच धुऊन निघेपर्यंत फोकस होता की नव्हता हे कळणार नाही. मला निदान शेकोटीवरून उठून चक्री फिरवता आली.

त्या रात्री ती फिरवली मात्र मी नाही. बोंड म्हणणारी ती मुलगी वडिलांबरोबर आली होती. तिने तोंडावर चिरांचे झाकण बसवले, बारीक चक्री अगदी थोडी पिळली, पडद्याकडे पाहत "अजून, अजून" असे स्वतःशीच म्हणत मधले किरण मध्यावर आणले, आणि मग स्क्रू आवळला. पहाटेपर्यंत चार वेळा तिने हे केले. जुना दात्यांचा फोकसर मी साफ करून तिच्या शाळेच्या चार इंची दुर्बिणीला बसवून दिला आहे. चिमटा त्याला अजून लावलेला आहे. उन्हाळ्यात राख फार उडते तेव्हा मुले नळीच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवतात.